आपले वाजवावे की दुसऱ्याचे?



'डीजे' हा शब्द उच्चारला की आपल्या शहरात बहुतेकांचे हात कानांकडे जातात. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत, तिच्या दणक्याने थरथरणारी खिडक्यांची तावदाने, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून होणारी वादावादी, एवढाच या शब्दाचा अर्थ आपल्या परिचयाचा झाला आहे. वास्तविक डीजे म्हणजे यंत्र नव्हे. डीजे म्हणजे माणूस. 'डिस्क जॉकी' या दोन शब्दांची ती आद्याक्षरे. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे घोडेस्वार. नभोवाणीवर तबकड्या लावणाऱ्या निवेदकाला अमेरिकेत हे नाव पडले, आणि पुढे नृत्यगृहात तबकड्या वाजवणाऱ्यालाही तेच चिकटले. त्या माणसाच्या धंद्याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. आवाज किती असावा, हा प्रश्न महत्त्वाचा खरा. परंतु तो कायद्याचा आणि शेजारधर्माचा प्रश्न आहे. तो आज बाजूला ठेवू.

आजचा प्रश्न निराळा आहे. अमेरिकेत व युरोपात इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची मोठी परंपरा आहे. तेथील नृत्यगृहांत डीजे रात्रभर संगीत वाजवतो. ते बहुधा दुसऱ्यांनी तयार केलेले असते. परंतु पुष्कळ डीजे स्वतःही संगीत तयार करतात. मग मंचावर उभे राहिल्यावर त्याने आपले वाजवावे की दुसऱ्याचे? एक पक्ष म्हणतो, दुसऱ्याची तबकडी लावण्यात कसली आली कला? स्वतःचे काही असेल तर ऐकवा. दुसरा पक्ष म्हणतो, डीजेचे काम निवडीचे. जो रात्रभर आपलेच घोडे दामटतो तो डीजेच नव्हे. हा वाद अनेक वर्षे चालू आहे.

कामगार संघटनेतल्या माणसाने या वादात का पडावे, असे कोणी विचारील. आम्ही संगीतशास्त्र शिकलेलो नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर. परंतु या वादाच्या मुळाशी गेल्यावर आम्हांस असे दिसले की, हा प्रश्न जितका रसिकतेचा आहे तितकाच तो श्रमाचा आहे. काम कोणी केले, नाव कोणाचे झाले आणि पैसा कोणाच्या हातात पडला, हे तीन प्रश्न विचारण्यातच आमचे आयुष्य गेले आहे. तेच तीन प्रश्न येथे विचारावयाचे आहेत.

डीजे करतो काय?

प्रथम काम समजून घेऊ. डीजेसमोर तबकडी फिरवणारी दोन यंत्रे असतात आणि मधोमध मिक्सर नावाची पेटी असते. एका यंत्रावरची तबकडी सभागृहात वाजत असते. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर पुढची तबकडी ठेवून डीजे ती फक्त आपल्या हेडफोनमध्ये ऐकतो. 'हाउस' नावाच्या नृत्यसंगीतात मिनिटाला साधारणपणे १२० ते १३० ठोके पडतात. पण प्रत्येक तबकडीची लय थोडी निराळी असते. वेग कमीजास्त करण्याची पट्टी सरकवून तो दुसरीची लय पहिलीशी जुळवतो, आणि मग पहिली हळूहळू मागे घेत दुसरी पुढे आणतो. नीट जमले तर नाचणाऱ्याला सांधा कोठे पडला हे कळतसुद्धा नाही. न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस ग्रासो या डीजेने १९७० च्या सुमारास लय जुळवण्याची ही रीत रूढ केली. १९७२ साली जपानच्या टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे यंत्र आले, १९७९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली, आणि ते यंत्र जगभरच्या डीजेंचे हत्यार होऊन बसले. आता पुष्कळ ठिकाणी तबकडीची जागा संगणकातील फायलींनी घेतली आहे, आणि लय जुळवण्याचे काम यंत्र एका बटणावर करून देते.

मग माणसाला काय काम उरले? आम्ही म्हणतो, मुख्य काम तेच उरले. समोरची गर्दी कंटाळली आहे की रंगात आली आहे, आता वेग वाढवावा की क्षणभर विसावा द्यावा, ओळखीचे ऐकवावे की अनोळखी, हे ठरवावयाचे असते, आणि तेही सहासहा तास, उभ्याने. कीर्तनकाराचे उदाहरण घ्या. बुवा निरूपणाला घेतात तो अभंग त्यांचा स्वतःचा नसतो. तो तुकोबांचा किंवा नामदेवांचा असतो. पण पूर्वरंगातून उत्तररंगात केव्हा जावे, कोणत्या प्रमाणाला कोणते प्रमाण जोडावे, डुलकी लागलेल्या श्रोत्याला कोणत्या दृष्टांताने जागे करावे, हे सर्व बुवांचे. 'बुवा, स्वतःचा अभंग म्हणा, नाहीतर बिदागी मिळणार नाही,' असे आजवर कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

हा मुद्दा परदेशात न्यायालयापर्यंतही गेला. जर्मनीत संगीताच्या जलशाच्या तिकिटावर कर कमी आणि नुसत्या करमणुकीवर जास्त. दर ७ टक्के आणि १९ टक्के. डीजेचा कार्यक्रम हा जलसा मानावयाचा की नाही? त्या देशाच्या सर्वोच्च कर-न्यायालयाने २०२० साली असा निर्णय दिला की, संगीत हाच कार्यक्रमाचा मुख्य हेतू असेल तर डीजेचे वादन हाही जलसाच होय. कारण डीजे तबकड्या नुसत्या लावत नाही, तो त्यांचा वाद्यासारखा उपयोग करून नवे काही घडवतो.

दुसरा धंदा

आता ज्याने ते संगीत तयार केले त्याच्याकडे वळू. त्याच्या कृतीला 'ट्रॅक' म्हणतात. ड्रम मशीन, सिंथेसायझर आणि संगणक घेऊन तो एका खोलीत बसतो. ठेका बांधतो, त्यावर खर्जाची ओळ चढवतो, एकेक ध्वनी घासूनपुसून पाहतो. पाच-सात मिनिटांच्या ट्रॅकला कधी एक रात्र पुरते, कधी महिने लागतात. या ट्रॅकची एक खुबी सामान्य श्रोत्याला माहीत नसते. त्याच्या आरंभी आणि शेवटी बऱ्याचदा मुद्दाम नुसता ठेका ठेवलेला असतो. कशासाठी? तर दुसऱ्या कोणी डीजेने आपली तबकडी तेथे सांधावी म्हणून. सुतार दोन लाकडे जोडताना खाच ठेवतो, तशी ही खाच. म्हणजे ही वस्तू मुळातच दुसऱ्याच्या हाती जाण्यासाठी घडवलेली आहे. ती एकट्याने, दिवाणखान्यात बसून ऐकली तर कधीकधी अपुरी वाटते ती यामुळेच.

तेव्हा हे दोन धंदे झाले. एकाला एकांत लागतो, दुसऱ्याला गर्दी. एक महिनोनमहिने विचार करू शकतो, दुसऱ्याला पुढची तबकडी संपण्याआत निर्णय घ्यावा लागतो. दोन्ही गुण एका माणसात असू शकतात, पण असलेच पाहिजेत असे नाही. आमच्या चळवळीतलाच दाखला देतो. १९४४ साली लाल बावटा कलापथक निघाले, त्यात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर होते. अण्णाभाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा पहाडी आवाज यांचा संयोग महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अनुभवला. अमर शेख स्वतःही कवी होते. पण अण्णाभाऊंची छक्कड ते गाऊ लागले म्हणजे 'हे दुसऱ्याचे आहे' अशी तक्रार मैदानातल्या कोणा गिरणी कामगाराने केली नाही. लिहिणाऱ्याला गाणारा मिळाला आणि गाणाऱ्याला शब्द मिळाले, हाच त्यातला आनंद होता.

आपले करण्याची गरज कशी पडली?

असे असता 'आपले वाजवा' हा आग्रह आला कोठून? त्याचा इतिहास पाहिला तर तो आग्रह मुळात गर्वातून नव्हे, नडीतून जन्मला असे दिसते.

१९५० नंतरच्या दशकात जमैका बेटावर, किंग्स्टन शहरात, मोठे कर्णे लावून रस्त्यावर नाच भरवणारे व्यावसायिक होते. त्यांच्या संचाला 'साउंड सिस्टिम' म्हणत. क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड आणि ड्यूक रीड हे त्यांतले प्रतिस्पर्धी. ते अमेरिकेतून तबकड्या आणत आणि प्रतिस्पर्ध्याला नाव कळू नये म्हणून तबकडीवरची चिठ्ठी खरवडून टाकत. पुढे अमेरिकेतली रुची बदलली, हव्या तशा तबकड्या येईनाशा झाल्या, तेव्हा या मंडळींनी स्थानिक गायक-वादकांना घेऊन स्वतःची ध्वनिमुद्रणे सुरू केली. त्यातून त्या बेटाचे स्वतःचे संगीत उभे राहिले.

शिकागोची कथा याहून मजेची आहे. तेथे 'वेअरहाउस' नावाच्या नृत्यगृहात फ्रँकी नकल्स हा डीजे १९७७ पासून वाजवीत असे. 'हाउस' संगीताचे नाव त्याच जागेवरून पडले असे मानतात. नकल्स जुनी गाणी घेई, ध्वनिफीत कापून-जोडून त्यांतला नाचाचा भाग लांबवी, पुढे त्याखाली यंत्राचा ठेका घाली. म्हणजे आपले आणि दुसऱ्याचे यांच्या मधली ही एक वाट. त्याच शहरातल्या जेसी साँडर्स या डीजेची एक खास तबकडी होती. ती चोरीला गेली. तेव्हा व्हिन्स लॉरेन्स या मित्राला बरोबर घेऊन त्याने १९८४ साली तिच्या जागी स्वतःची तबकडी केली, 'ऑन अँड ऑन'. हाउस संगीताच्या अगदी पहिल्या छापील तबकड्यांत तिची गणना होते. चोराने तबकडी नेली आणि एका संगीतप्रकाराला हातभार लावला, असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरे उदाहरण डेट्रॉइटचे. १९५० साली मोटारींच्या या शहराची वस्ती साडेअठरा लाखांच्या घरात होती. पुढे कारखाने बाहेर गेले, यंत्रे आली, माणसे कमी झाली. त्या परिसरात वाढलेल्या हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन या तीन तरुणांनी 'टेक्नो' नावाचे संगीत घडवले. मोठ्या कंपनीची वाट न पाहता अ‍ॅटकिन्सने स्वतःची छोटी कंपनी काढून १९८५ साली तबकडी बाहेर आणली. त्यांना हवे होते ते संगीत बाजारात नव्हते, म्हणून त्यांनी ते केले.

या तिन्ही ठिकाणी 'आपले वाजवणे' योग्यच होते, कारण त्याने श्रोत्याला नवे काही मिळाले. शिवाय स्वतःचे वाजवणाऱ्याला एक मोठा लाभ होतो. ट्रॅक कोठे लांबतो, कोठे पाय थांबतात, हे त्याला नाचणारे लोक समोरासमोर दाखवतात. शिंप्याने कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून पाहावा, तसे हे आहे. ही पहिल्या पक्षाची बाजू आम्ही खरी मानतो.

दुसऱ्याचे वाजवण्याचे मोल

आता दुसरी बाजू पाहू. यासाठी क्षणभर मुंबईत यावे लागेल. १९८२ साली मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी दहा रागांची एक तबकडी काढली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम केलेले हे गृहस्थ. त्यांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली: टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८. राग भैरव, राग ललित असे राग, आणि खाली न थांबणारा यांत्रिक ठेका. ती तबकडी फारशी कोणी घेतली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, त्याच टीबी-३०३ यंत्रातून शिकागोच्या 'फ्यूचर' नावाच्या तिघांनी 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी काढली आणि त्यातून 'अ‍ॅसिड हाउस' नावाची लाट जगभर पसरली. चरणजित सिंगांची तबकडी २०१० साली पुन्हा निघाली तेव्हा परदेशी रसिक थक्क झाले. २०१५ साली ते वारले. आयुष्याच्या अखेरीस थोडा मान त्यांच्या वाट्याला आला, एवढेच समाधान.

दोघांत फरक कोणता? गुणांचा म्हणाल तर ज्याने त्याने ऐकून ठरवावे. पण एक फरक स्पष्ट दिसतो. शिकागोच्या तिघांना रॉन हार्डी नावाचा डीजे मिळाला. त्यांनी आपली ध्वनिफीत त्याच्या हातात दिली. ती करणारे सांगतात की, हार्डीने एकाच रात्रीत ती चार वेळा वाजवली; पहिल्यांदा लोक नाचायचे थांबले आणि चौथ्यांदा वेडे झाले. हार्डीने त्या रात्री आपलेच वाजवावयाचे ठरवले असते तर? चरणजित सिंगांना मुंबईत असा रॉन हार्डी भेटला नाही. करणाऱ्याला वाजवणारा लागतो, हे यावरून ध्यानात यावे.

गोव्यातही हेच घडले. हणजूणच्या किनाऱ्यावर परदेशी मंडळींचे रात्रभर नाच चालत. तेथल्या उष्म्यात तबकड्या वाकत, म्हणून डीजे ध्वनिफितींवर वाजवीत. बाजारात न आलेले संगीत या फितींवर हातोहात फिरे. एकाने दुसऱ्याला द्यावे, दुसऱ्याने तिसऱ्याला. 'गोवा ट्रान्स' हे नाव पुढे जगभर गेले ते या देवघेवीतून.

इंग्लंडच्या उत्तरेकडील कामगारवस्तीत तर दुसऱ्याचे वाजवणे हाच धर्म झाला. विगन हे कोळशाच्या खाणींचे आणि कापडगिरण्यांचे गाव. तेथील 'विगन कसिनो' या नृत्यगृहात १९७३ पासून १९८१ पर्यंत तरुण मंडळी रात्र रात्र नाचली, आणि तीही दारूवाचून. गाणी कोणती? १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांनी गायिलेली, पण तेथे न खपलेली. डीजेंनी ती रद्दीतून शोधून काढली. विस्मृतीत गेलेल्या गायकांना सातासमुद्रापलीकडे दुसरा जन्म मिळाला.

परंतु येथेच आमच्या तीन प्रश्नांपैकी दुसरा उभा राहतो. नाव कोणाचे झाले? १९६५ साली डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने फ्रँक विल्सनची एक तबकडी छापली आणि तिच्या बहुतेक प्रती विक्रीपूर्वीच नष्ट झाल्या. उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक इंग्लंडात पोचली. प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून डीजेने तिची चिठ्ठी झाकली आणि 'एडी फॉस्टर' हे खोटे नाव सांगितले. हजारो लोक त्या गाण्यावर नाचले, आणि गाणाऱ्याचे नाव भलतेच. त्याची एक प्रत २००९ साली २५ हजारांहून अधिक पौंडांना विकली गेली. तो पैसा तबकडी बाळगणाऱ्याचा, गाणाऱ्याचा नव्हे. शिकागोतही निराळे घडले नाही. 'फ्यूचर'च्या त्या ध्वनिफितीला नाचणाऱ्यांनी नाव दिले ते 'रॉन हार्डीचा अ‍ॅसिड ट्रॅक'.

'आपले' म्हणजे नेमके कोणाचे?

यावर पहिला पक्ष म्हणेल, पाहा, म्हणूनच ज्याने त्याने आपले वाजवावे. मग चोरी नाही आणि लपवालपवी नाही. पण 'आपले' ही वस्तू तरी इतकी निर्भेळ असते का?

१९६९ साली 'द विन्स्टन्स' या अमेरिकन वाद्यवृंदाने 'आमेन, ब्रदर' ही धून ध्वनिमुद्रित केली. ती एका तबकडीच्या मागल्या बाजूला होती. मध्येच इतर वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन नावाचा वादक सहा-सात सेकंद एकटाच ढोल वाजवतो. पुढे ध्वनीचा तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजवणारी यंत्रे आली, आणि हा तुकडा हजारो ध्वनिमुद्रणांत शिरला. इंग्लंडात १९९० नंतर निघालेले 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे प्रकार तर बव्हंशी या सहा सेकंदांच्या पायावर उभे आहेत. त्यावर कंपन्या चालल्या, डीजे मोठे झाले. कोलमनला त्याबद्दल काही मिळाले नाही. तो २००६ साली वारला तेव्हा निर्धन आणि बेघर होता. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढली आणि सुमारे २४ हजार पौंड त्यांच्या हाती दिले. ती वर्गणी होती, हक्क नव्हता.

तेव्हा 'मी माझे वाजवतो' असे म्हणणाऱ्या कित्येकांच्या 'माझ्या'त कोलमनचे हात आहेत. कापडावर गिरणीचा छाप असतो; विणणाऱ्याचे नाव नसते. म्हणून विणणारा नव्हताच असे म्हणता येईल काय?

आजची सक्ती

आज या वादाला एक नवे वळण लागले आहे. पूर्वी संगीत करणारा तबकडी विकून थोडेफार मिळवी. आता श्रोता महिन्याची वर्गणी भरून जगातले सर्व संगीत ऐकतो, आणि लहान कलावंताच्या पदरी एका ऐकण्यामागे पैशाचा अंश पडतो. म्हणून ज्याला खोलीत बसून संगीत करावयाचे आहे त्यालाही पोटासाठी मंचावर चढावे लागते. उलट, ज्याला केवळ डीजेचे काम उत्तम येते त्याला नृत्यगृहाचा चालक विचारतो, 'तुझा स्वतःचा ट्रॅक कोणता?' ट्रॅक नसेल तर जाहिरातीत नाव चढत नाही. एका माणसावर दोन धंद्यांचे ओझे, आणि मजुरी एकाची. कारखान्यात दोन यंत्रे एका कामगाराच्या गळ्यात बांधतात, तेव्हा आम्ही त्याला कामवाढ म्हणतो. येथे त्याला प्रतिभा म्हणतात, इतकाच फरक.

आणि सक्ती आली की लबाडी येते. ज्याला ट्रॅक करता येत नाही तो पडद्याआडच्या कारागिराकडून विकत घेतो आणि स्वतःच्या नावावर वाजवतो. यासाठी उघड बाजार चालतात. एकरकमी पैसे द्यावयाचे, तोंड बंद ठेवण्याचा करार करावयाचा, आणि नाव पुसावयाचे. आम्ही कंत्राटी कामगारांत काम करतो. आम्हांला हे चित्र नवे नाही. हजेरीपटावर नाव नसलेला माणूस आठ तास राबतो, आणि उद्या अपघात झाला तर 'हा आमचा कामगारच नव्हे' असे उत्तर मिळते. 'आपलेच वाजवा' या आग्रहाचे टोक शेवटी येथे पोचते: वाजते ते दुसऱ्याचेच, फक्त दुसऱ्याचे नाव गेलेले असते.

संघटनांनी काय केले?

तबकडीने वादकाची भाकरी हिरावल्याचा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील वादकांच्या संघाने, जेम्स पेट्रिलो अध्यक्ष असताना, १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. नभोवाणीवर आणि हॉटेलांत तबकड्या वाजू लागल्याने जिवंत वादक घरी बसत होते. डेक्का कंपनी १९४३ साली तडजोडीला आली. व्हिक्टर आणि कोलंबिया या मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये वाकल्या. ठरले असे की, विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे काही रक्कम एका निधीत जमा व्हावी आणि त्यातून बेकार वादकांना लोकांसाठी विनामूल्य जलसे करण्याचे काम मिळावे. ब्रिटनमध्ये वादकांच्या संघाच्या दबावामुळे बीबीसीने आठवड्यात किती तास तबकड्या लावाव्यात यावर मर्यादा होती. ती १९८८ पर्यंत टिकली.

या दोहोंत आम्हांस पहिला मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. मर्यादा काळाबरोबर वाहून गेली. हिश्शाचे तत्त्व मात्र टिकले. अमेरिकेतल्या वादकांनी अखेर तबकडी फोडली नाही. तबकडीत वाटा मागितला. तेव्हा दुसऱ्याचे वाजवणे हा गुन्हा नव्हे. दुसऱ्याचे वाजवून त्याचे नाव आणि वाटा बुडवणे हा गुन्हा.

आपल्या देशातही हा वाटा झगडून मिळवावा लागला. गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ साली स्थापन झाली. पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, निर्माताच. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कोठे गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील समान वाटा असा पक्का झाला की, तो निर्मात्याला करारानेही लिहून घेता येत नाही. पस्तीस वर्षे लागली.

नावाची यादी

आता कायदा आहे, संस्था आहेत. मग अडचण कोठे आहे? अडचण यादीत आहे. नृत्यगृहाचा चालक परवान्याचे पैसे संस्थेला भरतो. संस्थेने ते ज्याचे वाजले त्याला द्यावयाचे. पण त्या रात्री काय वाजले हे लिहूनच ठेवले नसेल तर संस्था अंदाजाने वाटप करते. आणि अंदाज नेहमी आधीच प्रसिद्ध असलेल्यांच्या बाजूने पडतो. ज्या अनामिकाच्या ट्रॅकवर रात्रभर लोक नाचले त्याच्या हाती काही येत नाही. यादी म्हणजे डीजेच्या धंद्यातला हजेरीपट होय. त्यावर नाव नाही तर माणूस कामावर नव्हता.

या बाबतीत आपल्या पूर्वजांची दृष्टी मोठी होती. अभंगाच्या शेवटी कर्त्याची नाममुद्रा असते. जनाबाईंचा अभंग कोणीही म्हणो, कोठेही म्हणो, जनीचे नाव उच्चारल्यावाचून तो पुरा होत नाही. ख्यालातही तेच, सदारंगांची बंदिश गाणारा गवई आज अडीचशे वर्षांनंतरही त्यांचे नाव घेतो, कारण ते चिजेतच गुंफलेले आहे. गाणे दुसऱ्याच्या तोंडी जाणार हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि नाव बरोबर जाईल अशी तजवीज करून ठेवली होती. इलेक्ट्रॉनिक ट्रॅकला बहुधा शब्द नसतात, म्हणून नाव वाटेत गळून पडते. आपल्याकडच्या मिरवणुकांतील रीमिक्समध्ये मधूनच 'डीजे अमुक' अशी आरोळी ऐकू येते. लोक तिला हसतात. आम्ही हसत नाही. तीही एक नाममुद्राच आहे. उणीव इतकीच की, तीत ठेका घालणाऱ्याचे नाव येते आणि मूळ शाहिराचे, गायिकेचे राहून जाते.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. डीजेने त्या रात्रीला जे हवे ते वाजवावे. आपला ट्रॅक असेल तर त्याने इतरांच्या ट्रॅकबरोबर रांगेत उभे राहावे. पाळी आली तर पुढे यावे, न आली तर मागे थांबावे. स्वतःचे करण्याची सक्ती कोणावर नसावी. डीजेला डीजेच्या कामाची पूर्ण मजुरी मिळावी आणि संगीत करणाऱ्याला त्याच्या कामाची. आणि जे वाजले त्याची यादी, करणाऱ्यांच्या नावांसह, त्याच रात्री लिहिली जावी. हे काम अवघड नाही. आता बहुतेक ठिकाणी वादन संगणकावरच होते, आणि काय वाजले याची नोंद यंत्र आपोआप ठेवते. ती पाठवण्याची इच्छा तेवढी हवी.

श्रोत्यांकडेही एक काम आहे. आपल्या मंडळात, लग्नात, जयंतीला कोणी डीजे बोलावला तर पैसे ठरवतानाच त्याच्याकडे यादी मागावी. आवडलेले गाणे कोणाचे, असे त्याला विचारावे. दहा जणांनी विचारले तर तो सांगू लागेल. शंभरांनी विचारले तर तो लिहून ठेवू लागेल. कारखान्याच्या दारावर हजेरीपट आला तो कोणाच्या उदारपणामुळे आला नाही. विचारणारे वाढले म्हणून आला.